लूनचं घरटं आणि पिल्लं कशी बघायची, फोटो कसे काढायचे, बैजवार सांगतो

जूनमध्ये पहाटे पावणेपाचला न्यू हॅम्पशायरच्या एखाद्या तळ्यावर धुकं बसलेलं असतं आणि त्या धुक्यातून लूनची लांब हाक येते, अंगावर काटा येतो, इतकी वर्षं झाली तरी दरवेळी येतो. बॉस्टनकडची आपली मराठी मंडळी उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लेकवर केबिन घेतात आणि मग मला मेसेज येतात, अरे तो काळा-पांढरा बदकासारखा पक्षी, लाल डोळ्यांचा, पाठीवर पिल्लू घेऊन फिरत होता, किती जवळ जाऊ, लेन्स कुठली लागेल, मोबाईलने होईल का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो, लांब होईल पण पूर्ण वाचा, निदान अंतराचा भाग तरी वाचाच.

आधी ओळख. लून म्हणजे बदक नाही, त्याचं कूळच वेगळं आहे. इथे जो दिसतो तो कॉमन लून. चोच खंजिरासारखी टोकदार, पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन, गळ्यात उभ्या पांढऱ्या रेघांचा पट्टा, आणि उन्हाळ्यात डोळे लालभडक. मिनेसोटाचा राज्यपक्षी, कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावरही हाच, त्यामुळे त्या नाण्याला लोक लूनीच म्हणतात. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ, याची बरीचशी भरीव, म्हणून पाण्यात खोल बसतो आणि आवाज न करता बुडी मारतो. पाय शरीराच्या एकदम मागच्या टोकाला आहेत, पोहायला जबरदस्त पण जमिनीवर चालणं जवळपास जमतच नाही, पोटावर सरपटत जातो. हा पायांचा मुद्दा लक्षात ठेवा कारण घरट्याचं सगळं त्यावरच ठरतं. चालता येत नाही म्हणून घरटं अगदी पाण्याच्या काठाला, दोन-चार फुटांच्या आत, बेटाच्या कडेला नाहीतर दलदलीतल्या उंचवट्यावर, जिथून सरळ पाण्यात घसरता येईल असं. म्हणजे तुम्ही कायाकमधून काठाकाठाने जाताय तेव्हा तुम्ही त्याच्या दारातून चाललेले असता.

माझ्या हातून काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी, मे संपत आलेला, मी एका छोट्या बेटाला वळसा घालून निघालो आणि समोर वीस फुटांवर लून घरट्यावर बसलेला. मान पूर्ण पुढे काढून डोकं खाली, पाण्याला टेकेल इतकं. मला वाटलं झोपलाय, किती निवांत आहे, मी कॅमेरा काढला आणि चाळीस-पन्नास फोटो मारले. मग तो एकदम पाण्यात घसरला, मागे दोन अंडी उघडी, ऑलिव्हसारख्या तपकिरी रंगाची, काळे ठिपके. मी घाबरून मागे आलो, तळ्याच्या पलीकडे जाऊन दुर्बिणीतून बघत बसलो, तो परत घरट्यावर चढायला पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ झाडांवर कावळे ओरडत होते. ती पंचवीस मिनिटं मी विसरलेलो नाही. नंतर कळलं की ती मान खाली टाकणं म्हणजे झोप नाही, प्रचंड ताण, इथे त्याला हँगओव्हर पोश्चर म्हणतात, पक्षी लपायचा प्रयत्न करत असतो. माझे ते सगळे फोटो एका घाबरलेल्या पक्ष्याचे होते. मी पुण्यात वाढलो, पाषाण तलावावर टिबुकली, म्हणजे तो बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, बघत मोठा झालो, टिबुकली घरट्यावरून उठताना अंडी पाणवनस्पतींनी झाकून जाते हे मला माहीत होतं, लून झाकत नाही. तो उठला की अंडी उघडीच. कावळा, डोमकावळा, सीगल, रॅकून, मिंक, वरून बाल्ड ईगल, कुणीही येऊ शकतं.

कधी जायचं

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला की काही दिवसांतच लून समुद्रावरून परत येतात, बहुतेक वेळा नर आधी. घरट्याची जागा नरच ठरवतो. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत अंडी, एक किंवा दोन. नर-मादी आलटून पालटून बसतात, साधारण २७-२८ दिवस. पहिलं घरटं फसलं, पाणी वाढून बुडालं किंवा रॅकूनने खाल्लं, तर बऱ्याचदा पुन्हा घालतात, म्हणून जुलैमध्येही एखादी जोडी बसलेली दिसते. पिल्लं जास्त करून जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बाहेर येतात.

पाठीवर पिल्लू हा फोटो सगळ्यांना हवा असतो, तर त्याची खिडकी छोटी आहे, पहिले दोन आठवडे, त्यातही पहिला आठवडा सगळ्यात चांगला. फोर्थ ऑफ जुलैच्या आसपास बऱ्याच तळ्यांवर हे दिसतं पण तोच वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा, बोटी, जेट स्की, फटाके. मी एकतर त्याच्या आधी जातो नाहीतर मधल्या वारी, बुधवार-गुरुवार पहाटे, सुट्टी टाकून.

तळं आणि घरटं

इथे पाँड म्हटलं की आपल्याला डबकं वाटतं पण न्यू इंग्लंडमध्ये शंभर-दोनशे एकराच्या पाण्यालाही पाँड म्हणतात. उडायला याला पाण्यावर लांब धावपट्टी लागते, दमदार पळत पळतच उठतो, त्यामुळे अगदी छोट्या पाण्यावर नसतो. शंभर एकराच्या आसपासच्या तळ्यावर साधारण एकच जोडी. स्क्वाम किंवा विनिपेसाकीसारख्या मोठ्या लेकवर अनेक जोड्या असतात, प्रत्येकीची आपापली खाडी. पण शिकायला लहान तळं बरं, बोटींची ये-जा कमी, आणि एकच कुटुंब असल्यामुळे त्यांचा दिवस कळायला लागतो.

घरटं शोधायला जाऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. काठाकाठाने कायाक घालत प्रत्येक पाणगवताच्या पुंजक्यात डोकावणं म्हणजे नेमकं तेच जे मी केलं होतं. लोकांना वाटतं मोटरबोट वाईट आणि कायाक चांगली, पण कायाक आवाज न करता उथळ पाण्यात, कोपऱ्यात शिरते जिथे मोटरबोट जातच नाही, आणि पक्ष्याला तुम्ही अगदी जवळ आल्यावरच कळतं. त्याऐवजी तळ्याच्या मध्यावर थांबा, दुर्बीण काढा, ८×४२ पुरे, आणि लून बघा. एकटाच लून निवांत मासे पकडतोय आणि जोडीदार तासभर कुठेच नाही, म्हणजे दुसरा बसलाय. मग बदली होते, एक जण काठाकडे पोहत जातो, दुसरा पाण्यात उतरतो. कुठे उतरला ते लांबून बघितलं की झालं, जागा कळली, आता तिथे जायचं नाही.

बऱ्याच तळ्यांवर हे काम आधीच झालेलं असतं. न्यू हॅम्पशायरमध्ये लून प्रिझर्वेशन कमिटी आहे, १९७५ पासून, मोल्टनबरो गावात त्यांचं लून सेंटर आहे, नक्की जा, मुलांना घेऊन जा. त्यांचे लोक घरट्यांभोवती दोऱ्या आणि तरंगत्या पाट्या लावतात. पाटीच्या आत जायचं नाही, पाटीला कायाक बांधून फोटोही काढायचे नाहीत, मी असं करणारे बघितलेत. काही ठिकाणी तरंगता तराफा ठेवलेला दिसेल, वर माती आणि झाडोरा, कधी ईगलपासून आडोसा म्हणून छप्पर. धरणामुळे पाण्याची पातळी वर-खाली होते तिथे घरटं बुडतं नाहीतर पाण्यापासून लांब पडतं, तराफा पाण्याबरोबर वर-खाली होतो म्हणून ती सोय. त्यांचा लाइव्ह कॅमेराही असतो एका घरट्यावर, मे-जूनमध्ये रात्री जेवल्यावर लावून ठेवा, अंडी फिरवणं, बदली, उन्हात चोच उघडून धापा टाकणं, सगळं दिसतं. घरट्यावरचं वागणं शिकायची ही सगळ्यात चांगली जागा, कुणालाही त्रास नाही.

अंतर

पोहणाऱ्या लूनपासून कमीत कमी १५० फूट. क्रिकेटचं पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, तर १५० फूट म्हणजे सव्वादोन पिच. पाण्यावर अंतराचा अंदाज साफ चुकतो, म्हणून घरी मैदानात एकदा मोजून बघा, तिथे पाण्याची बाटली ठेवा आणि तुमच्या लेन्समधून ती केवढी दिसते ते डोक्यात ठेवा. घरट्यापासून मी ३०० फूट तरी ठेवतो आणि तिथेही रेंगाळत नाही. गरम दिवशी अजून लांब, काळा पक्षी उन्हात बसलेला असतो, आधीच तापलेला, कधीकधी नुसतं अंग गार करायला पाण्यात उतरावं लागतं, त्यात तुमची भर नको.

पण १५० हा आकडा काही लक्ष्मणरेषा नाही, लून अस्वस्थ दिसला तर २०० फुटांवरही तुम्ही जवळच आहात. आकडा सुरुवातीला लागतो, पुढचं सगळं पक्षी सांगतो.

आणि तो स्वतः जवळ आला तर? येतो, बऱ्याचदा येतो, बुडी मारतो आणि तुमच्या कायाकपासून तीस फुटांवर वर येतो. तेव्हा वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसा. मागे जायलाही वल्हं मारू नका, त्याच्या मनाने आलाय, त्याच्याच मनाने जाईल. मला मिळालेले सगळ्यात चांगले फोटो असेच आहेत.

लून काय बोलतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, लेन्सपेक्षाही. चार आवाज आहेत. लांडग्याच्या हाकेसारखा लांब, चढत जाणारा तो वेल, म्हणजे तू कुठे आहेस, जोडीदाराला किंवा पिल्लांना, संध्याकाळी-रात्री जास्त. बारीक, जवळच्या जवळ केलेला हू असा हूट, कुटुंबातलं बोलणं, हा ऐकू आला तर समजा तुम्हाला त्यांनी स्वीकारलंय. तिसरा योडल, फक्त नर करतो, मान पाण्यालगत ताणून, ही माझी हद्द आहे, दुसरा लून आला किंवा ईगल आला की. प्रत्येक नराचा योडल वेगळा असतो, एकाच तळ्यावर काही वर्षं गेलात तर तुम्हालाही ओळखू येतो.

चौथा ट्रेमोलो. हा थरथरत्या हसण्यासारखा असतो आणि लोकांना तो भारी आवडतो, रेकॉर्ड करतात, बघ कसा हसतोय म्हणतात. तो हसत नाहीये. तो घाबरलाय. उडता उडताही हाच आवाज करतात ते सोडा, पण समोर पाण्यात बसलेल्या लूनने तुमच्याकडे बघून ट्रेमोलो केला की कॅमेरा खाली ठेवा आणि मागे व्हा.

आवाजाच्या आधी शरीर बोलतं. निवांत लूनची मान सैल, एस आकारात, कपाळ गोल, तो पिसं साफ करतो, एक पाय पाण्याबाहेर काढून झटकतो आणि बाजूला दुमडून ठेवतो, कधी एका कुशीवर वळून पांढरं पोट खाजवतो. हे सगळं चांगलं लक्षण, काढा फोटो. मान सरळ वर ताठ, डोकं इकडे तिकडे, तर तो तुमचा विचार करतोय, थांबा तिथेच. चोच पाण्यात पुन्हा पुन्हा झटकन बुडवणं, अंग पाण्यात खाली बसवत नेणं, म्हणजे त्याला नकोय. आणि शेवटचं, पाण्यावर उभा राहून पाय मारत, छाती पुढे काढून, पंख कधी मिटलेले कधी पसरलेले, याला पेंग्विन डान्स म्हणतात. हा फोटो नेटवर खूप दिसतो, जबरदस्त दिसतोही, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ कुणीतरी पिल्लांच्या फार जवळ गेलं होतं एवढाच असतो. त्या नाचात पक्ष्याची प्रचंड ताकद जाते आणि तेवढ्यात पिल्लं मोकळी पडतात. तुमच्यामुळे नाचायला लागला तर एकही फोटो न काढता निघा.

पंख फडफडवण्याचा फोटो मात्र छान आणि कुणाला त्रास न देता मिळतो. पंधरा-वीस मिनिटं पिसं साफ करणं चाललं की शेवटी अंगावर पाणी उडवतो, एकदा-दोनदा डोकं बुडवतो आणि मग उभा राहून पंख पसरतो. ते डोकं बुडवणं सुरू झालं की फ्रेम थोडी मोठी करून तयार राहा, पंख पसरल्यावर चार फुटांच्या आसपास जागा लागते आणि घट्ट फ्रेममध्ये टोकं कापली जातात.

सामान

६०० एमएमपर्यंत जाणारी झूम, १५०-६०० किंवा २००-६०० यातली कुठलीही. हिशोब सांगतो, ४५ मीटरवर म्हणजे १५० फुटांवर, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएमला फ्रेमची रुंदी येते साधारण २.७ मीटर. लून सुमारे ८० सेंटीमीटर लांब, म्हणजे फ्रेमचा तीस टक्के भाग. दीडपट क्रॉप सेन्सरवर तीच रुंदी १.८ मीटर, लून जवळपास पंचेचाळीस टक्के. म्हणजे छोट्या सेन्सरचा साधा कॅमेरा इथे कामाचा आहे, महागाचा फुल फ्रेम घ्यायलाच हवा असं अजिबात नाही. मोबाईलने लूनचा फोटो होणार नाही, पण धुकं, तळं आणि त्यात एक छोटा काळा ठिपका असा फोटो होईल आणि तोही सुंदर होतो, त्यासाठी जवळ जाऊ नका एवढंच.

कायाक रुंद घ्या, हलत नाही अशी. कायाकमध्ये ट्रायपॉड चालत नाही, कोपर गुडघ्यावर टेकवून हातातच धरायचा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू. कॅमेरा ड्राय बॅगेत, फक्त थांबल्यावर काढायचा, पट्टा गळ्यात. लाइफ जॅकेट घाला, नुसतं मागे ठेवू नका. मे महिन्यात हवा उबदार असते आणि पाणी बर्फासारखं, पडलात तर काही मिनिटांत हात चालत नाहीत. मे-जूनमध्ये ब्लॅक फ्लाय चावतात, डोक्यावर जाळी घ्या. डासांचं डीट असलेलं स्प्रे हाताला लावून कॅमेरा धरू नका, प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं, माझ्या एका लेन्सची ग्रिप अशीच चिकट झाली. आणि गवतातून आलात की अंगावर टिक्स म्हणजे गोचीड तपासा, त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम आजाराचा त्रास इथे खरा आहे.

कायाक नसेल तर केबिनचा डॉक. डॉकवर आडवं पडून, लेन्स पाण्याच्या एक-दोन फुटांवर, तासभर न हलता. त्या कोनातून लून आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतो आणि मागची झाडं लांब, मऊ होतात, कायाकपेक्षा कधीकधी चांगला फोटो डॉकवरून मिळतो.

प्रत्यक्ष पहाट

जूनच्या मध्यात सूर्य पाच-सव्वापाचला उगवतो, मी साडेचारला पाण्यात असतो. आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघून ठेवायच्या, सूर्य कुठून येणार आणि वारा कुठून. सूर्य पाठीशी हवा, त्याशिवाय तो लाल डोळा पेटत नाही, काळ्या डोक्यात काळा डोळा हरवून जातो. वाऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही पण तो जास्त महत्त्वाचा. वारा तुम्हाला पक्ष्यांकडे ढकलत असेल तर तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये बघता बघता ५० फुटांवर जाऊन पोचता, कळतही नाही. म्हणून अशी जागा घ्यायची की वारा तुम्हाला त्यांच्यापासून लांब नेईल, किंवा छोटा नांगर, तोही लांबच हळूच सोडायचा, खणकन नाही. सूर्य आणि वारा दोन्ही जुळत नसतील तर मी वाऱ्याचं ऐकतो, प्रकाश उद्याही येईल.

पोचलात की पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा काढू नका. बघा. बुडी मारली की सेकंद मोजा, बहुतेक बुड्या मिनिटाच्या आतल्या असतात, चार-पाच मोजल्या की अंदाज येतो आणि कुठल्या दिशेने मासे हाकतोय तेही कळतं. पाठलाग करायचा नाही, कधीच. ते ज्या दिशेने चाललेत तिथे लांबून वळसा घालून आधी जाऊन बसणं वेगळं, तेही एकदाच, आणि त्यांनी दिशा बदलली तर तो त्यांचा निर्णय. पिल्लांबरोबर मी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाही, सगळं छान चाललं असलं तरी, कारण माझ्यानंतर दिवसभर आणखी वीस बोटी येणार असतात.

सेटिंग थोडक्यात. शांत पोहणाऱ्याला शटर १/१००० सेकंद, पंख फडफडवताना १/२०००, अॅपर्चर जेवढं उघडतं तेवढं, आयएसओ ऑटो, फोटो जेपेगऐवजी रॉ फाइलमध्ये. लूनचा खरा प्रॉब्लेम एक्स्पोजरचा आहे, अर्धा पक्षी कुट्ट काळा अर्धा शुभ्र पांढरा. उन्हात कॅमेरा काळ्याला भुलतो आणि छातीचा पांढरा भाग जळतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ठेवून पांढरं वाचवा, काळ्यातलं तपशील रॉमधून परत काढता येतं, जळलेलं पांढरं येत नाही. धुक्यात उलटं, सगळी फ्रेम उजळ असल्यामुळे कॅमेरा धुकं राखाडी करून टाकतो, अधिक ०.७ द्या. आय डिटेक्शन, म्हणजे डोळा शोधून त्यावर फोकस धरणारी सोय, चालू ठेवा पण भरवसा नको, कधी ते गळ्याच्या रेघांवर अडकतं. लून डोकं किंचित तुमच्याकडे वळवेल तेव्हाच बटण दाबा, डोळ्यात तेवढाच उजेड शिरतो. सायलेंट शटर लावा. फ्लॅश नाही. साडेआठ-नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, कितीही महागडी लेन्स असो फोटो मऊच येतो, तेव्हा घरी जाऊन पोहे खा.

पिल्लं

पिल्लू बाहेर आल्यावर एका दिवसात घरटं सोडतं, परत तिथे येत नाही. पहिले दिवस काळ्या लोकरीचा गोळा असतो, पाण्यावर बुचासारखा तरंगतो, बुडी नीट जमत नाही. मग आई किंवा बाप पंख किंचित उचलतो आणि ते मागून पाठीवर चढतं, चढताना दोनदा घसरतं, त्या घसरण्याचा फोटो पाठीवर बसलेल्यापेक्षा मला जास्त आवडतो. आपल्या टिबुकलीची पिल्लंही अशीच आईच्या पाठीवर, पिसांत लपून, फक्त रेघारेघांचं डोकं बाहेर काढून बसतात, तळ्यावर पहिल्यांदा लूनचं पिल्लू बघितलं तेव्हा मला एकदम पाषाणच आठवलं. पाठीवर ऊब मिळते, खालून येणाऱ्या माशापासून आणि स्नॅपिंग टर्टलपासून वाचतं, वरून ईगलने बघितलं तरी मोठ्या पक्ष्याच्या आडोशाला असतं. म्हणून तुम्ही जवळ गेल्यामुळे लून अस्वस्थ होऊन बुडी मारतो तेव्हा पाठीवरचं पिल्लू पाण्यात पडतं, एकटं, उघडं. पिल्लं मरतात ती सगळ्यात जास्त या पहिल्या काही आठवड्यांतच.

दोन पिल्लं असतील तर साधारण दिवसाच्या फरकाने जन्मलेली, मोठं लहान्याला टोचतं, मासा आधी त्याला. बघवत नाही पण मध्ये पडायचं काही कारण नाही. भरवणं बघण्यासारखं असतं, सुरुवातीला बोटभर मासा, बारीक क्रेफिश, चोचीत आडवा धरून पिल्लासमोर, पिल्लू पाडतं, आई बुडी मारून तोच परत आणते, पुन्हा पाडतं, पुन्हा आणते, मी एकदा सहा वेळा मोजलं. या फोटोसाठी पिल्लावर फोकस ठेवून बसा, आईवर नाही, ती कुठे वर येणार ते पिल्लाला तुमच्या आधी कळतं आणि ते तिकडे पोहायला लागतं.

कधी पिल्लू एकटंच पाण्यावर दिसेल आणि आसपास कुणीच नसेल. ते हरवलेलं नाही, उचलू नका, जवळ जाऊ नका, आईबाप खाली मासे पकडतायत. तुम्ही पिल्लू आणि त्यांच्या मध्ये आलात तर पेंग्विन डान्स ठरलेला. तसं सापडलातच तर हळूहळू किनाऱ्यापासून लांब, उघड्या पाण्याकडे सरका म्हणजे त्यांना काठाने एकत्र येता येईल.

दोन-तीन आठवड्यांनी काळ्याचं तपकिरी होतं, सहा-सात आठवड्यांनी राखाडी पिसं, आणि अकरा-बारा आठवड्यांनी उडायला लागतं.

बाकी जे करू नका

मोबाईलवर लूनचा आवाज वाजवू नका. योडल वाजवलात तर नराला वाटतं दुसरा नर घरात शिरला, तो घरटं सोडून भांडायला येतो, आणि खऱ्या भांडणात लून एकमेकांना मारूनही टाकतात, इतकं ते गंभीर असतं त्यांच्यासाठी. ड्रोन नको, वरून येणारी कुठलीही गोष्ट त्यांना ईगल वाटते. घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं निघून गेल्यावर टाका, तळ्याचं नाव आणि लोकेशन काढून. मोटरबोट चालवत असाल तर न्यू हॅम्पशायरमध्ये किनाऱ्यापासून १५० फुटांच्या आत एकदम हळू चालवायचा कायदाच आहे, तिची लाट दोन फुटांवरच्या घरट्यातली अंडी वाहून नेते.

आणि बरोबर कुणी मासे पकडणारं असेल तर शिसं बाहेर काढा. लून पोटात अन्न दळायला तळातले खडे गिळतो, त्यात शिशाचा गळाचा वजनतुकडा गेला, किंवा शिसं गिळलेला मासा खाल्ला, तर एवढासा तुकडा पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला मारायला पुरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मेलेल्या मोठ्या लूनच्या नोंदींमध्ये हे सगळ्यात मोठं कारण निघालंय. १ जून २०१६ पासून तिथे एक औंस किंवा त्याहून हलके शिशाचे सिंकर (गळाची वजनं) आणि जिग (वजन लावलेले गळ) विकायला आणि वापरायला बंदी आहे, पण जुन्या टॅकल बॉक्समध्ये अजून पडलेले असतात, आजोबांचे, शेजाऱ्यांचे. टंगस्टनचे किंवा स्टीलचे घ्या. काठावर तुटलेली नायलॉनची दोरी दिसली की मी उचलून खिशात टाकतो, दर फेरीत मिळतेच. लून दोरीत अडकलेला किंवा भर दिवसा काठावर चढून बसलेला दिसला आणि तिथे घरटं नाही, तर स्वतः सोडवायला जाऊ नका, ती चोच डोळ्याचा नेम धरते, स्थानिक लून संस्थेला किंवा राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा.

एक जमलं तर करा. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन तिन्हीकडे लूनची मोजणी असते, मेनमध्ये १९८३ पासून चालू आहे. दुर्बीण घेऊन एका तळ्यावर थोडा वेळ बसायचं आणि मोठे किती, पिल्लं किती ते कळवायचं. आमच्या ग्रुपमधली दोन कुटुंबं गेल्या वर्षी आली होती, मुलांनी आकडे लिहिले.

सप्टेंबरात परत जा, तेव्हा तळ्यावर कुणी नसतं. मोठ्यांची पिसं राखाडी व्हायला लागलेली असतात आणि ते आधी निघून जातात, समुद्राकडे. पिल्लं मागे राहतात, एकटी, कुणी न शिकवता पाण्यावर पळायचा सराव करतात, पंख मारत, पाय आपटत, लांबच लांब पांढरी रेघ उमटवत, आणि पुन्हा बसतात. या धावण्यासाठी १/२००० आणि तुम्ही तळ्याच्या अरुंद टोकाला, वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे असेल अशा बाजूला, कारण ते वाऱ्याविरुद्ध पळतात म्हणजे सरळ तुमच्या दिशेने येतात, फक्त त्यांच्या वाटेतून बाजूला बसा आणि नांगर टाका, कारण या वेळी वारा तुम्हाला त्यांच्याकडेच ढकलणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीही निघून जातात आणि दोन-तीन वर्षं समुद्रावरच राहतात. निघताना कायाक उलटी करून पाणी काढा, पुसा, कोरडी होऊ द्या, एका तळ्यातलं मिलफॉइल, म्हणजे झपाट्याने पसरणारं पाणतण, दुसऱ्या तळ्यात जायला पानाचा एक तुकडा पुरतो.